गुरुवारी दुपारी बारा वाजता

आप्पा फ्रँकफर्टला माझ्याकडे तीन महिन्यांसाठी येणार हे ठरलं, तेव्हा मी फोनवर विचारलं, "काय काय बघायचंय?" मला वाटलं पॅरिस म्हणतील, फार तर स्वित्झर्लंड. आप्पा म्हणाले, "बेटा, ते स्पेनमधलं पाण्याचं कोर्ट दाखवता येईल का? बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल."

आप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. आमची जमीन फडातली. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कोणाला किती आणि कधी, ते गावचे पंच ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. तीनशे वर्षांहून जुनी ही पद्धत सरकारने नाही, शेतकऱ्यांनी चालवली. औरंगाबादच्या वाल्मीत, म्हणजे जल आणि भूमी व्यवस्थापन संस्थेत, आप्पा प्रशिक्षणाला गेले असताना कोणीतरी व्याख्यानात सांगितलं होतं, की स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचं असंच एक न्यायालय आहे आणि ते अजून भरतं. आप्पांनी ते तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं.

मी शोधायला बसले आणि पहिल्याच दिवशी सगळी योजना उलटी करावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री परत, ही आमची इथली नेहमीची पद्धत. पण ते न्यायालय भरतं गुरुवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दरवाजासमोर. तो एक तास चुकला की संपलं. म्हणजे शहर ठरलेलं, दिवस ठरलेला, मिनिटसुद्धा ठरलेलं. बाकीचं सगळं त्या मिनिटाभोवती बसवायचं होतं.

नशिबाने जर्मनीत ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी नेहमी गुरुवारीच येते, बहुतेक वेळा मे महिन्यात. स्पेनमध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे न्यायालय भरणार. मधल्या शुक्रवारची रजा मी जानेवारीतच टाकली, कारण तो शुक्रवार ऑफिसात प्रत्येकालाच हवा असतो. विमानाची तिकिटंही त्याच आठवड्यात काढली, बुधवारी संध्याकाळी जाणं आणि रविवारी दुपारी येणं. त्या सुट्टीला अख्खी जर्मनी दक्षिणेकडे निघते. मार्चपर्यंत थांबले असते तर भाडं परवडलं नसतं.

व्हिसाचं मला उगाचच ओझं वाटत होतं. जर्मनीचा शेंगेन व्हिसा मिळाला की स्पेनसाठी वेगळा लागत नाही. फक्त सर्वांत जास्त मुक्काम जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा. आप्पांचा मुक्काम माझ्याकडेच, म्हणून जर्मनी. तरी आम्ही चार दिवस व्हॅलेन्सियाला जाणार हे मी सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि विचारलं तर आप्पांना खरं तेच सांगता यावं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो, तो नीट वाचून घेतला. व्हिसा आल्यावर आप्पांनी पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो पाठवला. "शेंगेनर श्टाटेन" एवढे दोन शब्द दिसले आणि मी तिकिटांची चिंता सोडली.

खरा वेळ गेला तो खोली शोधण्यात. आप्पांचे गुडघे दुखतात. जुन्या शहरात, कॅथेड्रलपासून चालत दहा मिनिटांवर एक छान फ्लॅट मिळाला, "दुसरा मजला, लिफ्ट आहे" असं लिहिलेला. आरक्षणही केलं. मग मनात काहीतरी खटकलं, म्हणून मालकाला निरोप पाठवला, "रस्त्यावरच्या दारापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या?" उत्तर आलं, चौसष्ट. लिफ्ट बंद होती आणि दुरुस्ती कधी होईल याचा नेम नव्हता. शिवाय जुन्या स्पॅनिश इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये आणखी एखादा मजला असतो, त्यामुळे कागदावरचा दुसरा मजला प्रत्यक्षात तिसरा निघतो. फ्लॅट रद्द केला आणि नगरपालिकेच्या चौकाजवळ एका साध्या हॉटेलात खोली घेतली. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी "लिफ्ट आहे का" असं विचारू नये. पायऱ्यांचा आकडा विचारावा.

त्याच हिशेबाने यादीतली नावं गळत गेली. मिगेलेते मनोऱ्याच्या २०७ पायऱ्या, बाद. वास्तुविशारद सान्तियागो कालात्रावाने उभारलेल्या त्या पांढऱ्या इमारती बाहेरून बघायच्या. मोठं मत्स्यालय, ओसेआनोग्राफिक, अर्धा दिवस खातं, म्हणून तेही नाही. मध्यवर्ती बाजार रविवारी बंद असतो, म्हणून तो शनिवारी सकाळी, आणि त्याच्यासमोरच १४८२ साली बांधायला घेतलेली रेशमाची पेठ, लोन्खा. शुक्रवार पूर्ण आल्बुफेराच्या भातशेतीला. एवढंच.

बुधवारी विमान तीन तास उशिरा निघालं. आप्पा शांत बसले होते आणि मी सारखी घड्याळ बघत होते. रद्द झालं असतं तर दुसऱ्या दिवशी बाराच्या आत पोहोचणं शक्य नव्हतं. विमानतळावरून ३ आणि ५ नंबरची मेट्रो थेट शहरात येते, पण आम्ही उतरलो तेव्हा शेवटची गाडी गेलेली होती. टॅक्सी केली. खोलीत पाठ टेकली तेव्हा दीड वाजला होता.

गुरुवारी आप्पांचा उपास असतो. मी राजगिऱ्याच्या वड्या बरोबर घेतल्या होत्या. चहा, केळं, वडी एवढं खाऊन साडेअकराला आम्ही कॅथेड्रलच्या त्या दरवाजासमोरच्या चौकात, प्लासा दे ला बिर्खेनमध्ये पोहोचलो. चौकात कारंजं आहे. मध्ये एक दाढीवाला पुरुष आडवा टेकून बसलेला, ती तुरिया नदी. भोवती आठ मुली, प्रत्येकीच्या हातात पाण्याचा घडा, त्या नदीतून निघालेले आठ पाट. आप्पांनी कारंज्याभोवती चक्कर मारून आठ मोजल्या.

दरवाजासमोर लोखंडी कठडा लावून आत लाकडी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. गर्दी जमायला लागली होती. मी आप्पांना कठड्याला धरून उभं केलं. लवकर जाण्याचा फायदा हाच, मागून काही दिसत नाही. बाराचे ठोके पडले आणि काळे डगले घातलेले आठ जण येऊन बसले. हे न्यायाधीश म्हणजे वकील नव्हेत. प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेला एकेक जण, स्वतः शेती करणारा. त्यांच्याबरोबर एक शिपाई, हातात पितळी आकड्याची काठी. पाटावरच्या फळ्या वर ओढायला असतो तसला आकडा. आप्पांनी माझा दंड धरला. "आपल्याकडे पाटकऱ्याजवळ असतो तसाच."

शिपायाने परवानगी घेतली आणि पुकारा केला, "देनुन्सिआत्स दे ला सेकिया दे क्वार्त!" क्वार्तच्या पाटावरचे आरोपी कोणी असतील तर पुढे या. थोडा थांबला. कोणी आलं नाही. मग दुसरा पाट, मग तिसरा. आठही पाटांचा पुकारा झाला, कोणी पुढे आलं नाही आणि न्यायालय उठलं. पाच-सहा मिनिटांत सगळं संपलं.

गर्दीतले बरेच जण जरा हिरमुसले. मला आप्पांची काळजी वाटली, एवढ्या लांब आणून पाच मिनिटं. वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. "हाऊ ते आपला फड शे," ते म्हणाले. ते एरवी माझ्याशी अहिराणी बोलत नाहीत. आजीशी बोलायचे.

मी आधी वाचून ठेवलं होतं, ते त्यांना तिथेच कठड्यापाशी सांगितलं. तक्रार आली तर सगळं तोंडी चालतं, व्हॅलेन्सियन भाषेत. वकील नाही, आणि निकालावर अपील नाही. ज्या पाटाचं भांडण, त्या पाटाचा प्रतिनिधी निकाल देण्यात भाग घेत नाही. हे ऐकल्यावर आप्पा म्हणाले, "हे आमच्या पंचांनी केलं असतं तर दोन पिढ्यांची भांडणं मिटली असती." २००९ साली युनेस्कोने या न्यायालयाला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि सामाईक संसाधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या त्यांच्या अभ्यासात व्हॅलेन्सियाचे हे पाटही होते. पांझरेकाठचे बंधारेही तितक्याच आदराने बघायला लोक यावेत असं मला फार वाटतं. आज कितीतरी फड मोडले आहेत, आणि माझ्या पिढीतल्या साक्रीच्या मुलांनाही तो शब्द सांगावा लागतो.

मग ओर्चाता प्यायला गेलो. ती मी मुद्दाम गुरुवारसाठी ठेवली होती. चुफा नावाच्या बारीक कंदाचं हे थंडगार पेय, त्यात कंद, पाणी आणि साखर, दूध नाही. कंद म्हणजे उपासाला चालणारं. दुकानात एका वाडग्यात सुकी चुफा ठेवली होती. आप्पांनी एक उचलली, नखाने टोकरली, वास घेतला आणि म्हणाले, "हा लव्हाळा आहे." मी हसले, पण नंतर बघितलं तर अगदी बरोबर. चुफा आणि आपला लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, एकाच कुळातले. ज्याच्या गाठी खणून काढण्यात आमच्या शेतात उन्हाळे गेले, त्याचंच एक भावंड इथे शहराला लागून असलेल्या आल्बोरायात जपून पेरतात. आप्पा दोन पेले प्यायले.

संध्याकाळी तुरियाच्या पात्रात फिरलो. तिथे नदी नाही, बाग आहे. १४ ऑक्टोबर १९५७ च्या पुरात ८० हून अधिक माणसं गेली, त्यानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि मोकळ्या पात्रातून मोठा रस्ता काढायचं ठरलं. लोक अडून बसले, "पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय." आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर झाडं आहेत आणि जुने पूल तसेच उभे आहेत. पुलाखालच्या बाकावर बसून आप्पा पानशेतबद्दल बोलत राहिले. १९६१ साली ते लहान होते, पण खात्यातल्या जुन्या साहेबांकडून त्यांनी १२ जुलैचं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आल्बुफेराकाठच्या एल पाल्मार गावाला जाताना बस नदीच्या नव्या, रुंद, सरळ पात्रावरून गेली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात या पात्राने मूळ शहर वाचवलं, पण त्याच्या दक्षिणेची पायपोर्ता, कातारोखासारखी गावं बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. आप्पांनी मान वळवून पूल संपेपर्यंत बघितलं. बोलले काहीच नाहीत.

आल्बुफेरा हे समुद्रालगतचं गोड्या पाण्याचं मोठं सरोवर, भोवती भाताची खाचरं. मे महिना असल्याने खाचरांत नुकतंच पाणी सोडलेलं होतं. इथे लावणी नसते, भात पेरतात. सरोवराचं पाणी समुद्राकडे सोडायला दरवाजे आहेत आणि त्यांवर सगळ्या शेताची पातळी ठरते, हे नावाड्याने खुणांनी सांगितलं आणि आप्पांना ते माझ्याआधी कळलं.

पाएयासाठी मी आठवडाभर आधी एल पाल्मारच्या एका खानावळीला मेल केला होता. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचा मोठा पांढरा पावटा असतो. मासे नसतात. आप्पांना ससा नको होता, म्हणून "सिन कोनेखो, पोर फावोर". पाएया दुपारचं जेवण आहे. रात्री तिथली माणसं ती खात नाहीत. ती मागितल्यावर शिजवतात, त्यामुळे पाऊण तास लागतोच. दोन वाजता कढई टेबलावर आली. भात तळाला धरून तांबूस, कुरकुरीत झालेला, त्याला सोकारात म्हणतात. आमच्याकडे खरपुडी. आजी ती आप्पांसाठी पातेल्याला लावून ठेवायची. वाढणाऱ्या बाईंनी चमच्याने तळ खरवडून पहिला वाटा आप्पांच्याच ताटात टाकला.

शनिवारचा बाजार आणि लोन्खा छान झालं, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. लोन्खाच्या पीळदार खांबांजवळ आप्पा बराच वेळ उभे होते.

रविवारी विमानतळावर त्यांनी खिशातली डायरी काढली आणि आठ पाटांची नावं सांगायला लावली. मी मोबाइलवर बघून सांगत गेले, ते देवनागरीत लिहीत गेले. क्वार्त, बेनाखेर-फायतानार, मिस्लाता, फावारा, रोवेया, तोर्मोस, रास्कान्या. "सात झाले," ते म्हणाले, "मुली आठ होत्या." आठवा मेस्ताया. मागच्या रांगेतला भगव्या शर्टातला एक मुलगा ते नाव ऐकून वळला, कारण तिथल्या फुटबॉलच्या मैदानाचं नाव त्या पाटावरूनच पडलंय. आप्पांनी मेस्ताया लिहिलं, खाली रेघ मारली आणि त्या रेघेखाली आमच्या गावच्या बंधाऱ्याचं नाव लिहिलं.