सुई बदलली, सिरिंज तीच

त्या दिवशी ओपीडीत पाच जणांची यादी होती, बहुतेक चामखिळी काढायच्या. ट्रे मीच लावला होता. भुलीच्या औषधाची 30 मिलीची व्हायल, तिच्यावर उघडल्याची तारीख माझ्याच अक्षरात, चार दिवसांपूर्वीची. उघडल्यावर 28 दिवस वापरता येते, त्यामुळे मी निर्धास्त.

पहिल्या बाईंना भूल पुरेना. डॉक्टरांनी सुई काढून टाकली, नवी लावली आणि त्याच सिरिंजमध्ये पुन्हा औषध ओढलं. व्हायल उलटी धरून मीच उभी. मनात खटकलं, पण डॉक्टर वरिष्ठ, सुई तर नवीच आणि बाहेर चौघं ताटकळलेले. गप्प बसले.

दुसऱ्या काकांना नवी सिरिंज घेतली, व्हायल मात्र तीच. त्यांनाही भूल कमी पडली. डॉक्टरांनी पुन्हा फक्त सुई बदलली. या वेळी सिरिंज ऐन माझ्या नजरेसमोर होती. सुई बसते त्या तोंडाशी फिकट गुलाबी रेघ. सुई रक्तवाहिनीत तर गेली नाही ना, हे पाहायला प्लंजर किंचित मागे ओढतात, तेव्हा आत आलेलं रक्त.

"सर, थांबा."

"सिस्टर, सुई बदललीये."

"सिरिंज तीच आहे, सर."

त्यांनी ती दिव्यासमोर धरली. मग हळूच म्हणाले, "मघाच्या बाईंच्या वेळीही..."

"हो."

म्हणजे बाईंच्या रक्ताचा अंश व्हायलमधून काकांच्या अंगात गेला असण्याची शक्यता होती. हे काकांना सांगायचं कोणी? मला वाटलं, माझ्यावर ढकलतील. तसं झालं नाही. डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि चूक माझी, असं सरळ म्हणाले. बाईंना पुन्हा बोलावून, त्यांची परवानगी घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्यांसाठी रक्त घेतलं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, त्यामुळे अहवालासाठी थांबायला फारसा वेळ नव्हता. संध्याकाळी तिन्ही निगेटिव्ह आले. तरी काकांना पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्याच. चिठ्ठी घडी करताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिथेच होतात ना?"

होते. पहिल्या वेळीही.

व्हायल टाकताना लेबल वाचलं. निम्मीअधिक भरलेली होती. माझ्या हिशेबाने ती अजून 24 दिवस ट्रेमध्ये राहिली असती.