लॅमिनेट केलेली फिर्याद

महसूल खात्यात मला एकोणीस वर्षं झाली. सोलापुरातल्या एका कचेरीत अव्वल कारकून आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण हे प्रकरण कुठल्याही कचेरीत असंच पडून राहिलं असतं.

2025 च्या मे महिन्यातल्या बदल्यांत माझं टेबल बदललं. चार्ज यादीत शेवटून दुसरी ओळ होती : ‘अज्ञात वाहन अपघात नुकसानभरपाई – प्रलंबित 5’. जमिनीची प्रकरणं, दाखले, वसुली यांच्या ढिगाऱ्यात या पाच नस्त्या कुणाच्या डोळ्यांवर येणार? माझ्याही आल्या नाहीत. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी बाकावर एक बाई बसलेली दिसली, म्हणून शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, “ती होय? ती सोमवारची बाई. मागच्या भाऊसाहेबांकडं यायची. आता तुमच्याकडं.”

सोमवारची बाई! कचेरीनं तिला नावच पाडून ठेवलं होतं.

तिला आत बोलावलं. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी मांडीवर घेऊन ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. विडी कामगार. घरात तेलुगू, बाहेर आपल्या सोलापूरची मराठी. नवरा यंत्रमागावर होता. डिसेंबर 2023 मध्ये रात्रपाळी सुटल्यावर अक्कलकोट रोडनं सायकलवर घरी येत होता, पहाटे मागून कुणीतरी उडवलं. गाडी थांबली नाही. सापडलीही नाही.

पिशवीतून तिनं पहिला कागद काढला तो फिर्यादीचा. लॅमिनेट केलेला. “अज्ञात वाहनावरील अज्ञात चालकाने आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून...” ही ओळ मी शेकडो कागदांवर वाचली असेल. या कागदावर ती प्लास्टिकच्या आत होती, आणि एका कोपऱ्यात सतत बोट लागून प्लास्टिक पांढुरकं झालेलं होतं.

“पावसात भिजू नये म्हणून केलं, भाऊसाहेब. वीस रुपये घेतला त्यानं. मग इथं म्हणले की यावर शिक्का उठत नाही, दुसरी प्रत आणा.”

दुसऱ्या प्रतीसाठी ती पोलीस ठाण्यात दोन दिवस बसली होती. विडीच्या बायकांचा दिवस हजार विड्यांवर मोजतात. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, कारखान्यात माल द्यायचा. इथं सोमवारी येणं म्हणजे त्या दिवशीची हजारी बुडणं. ती तसंच म्हणाली, “इकडं आलं की हजारी गेली की.” तक्रारीच्या सुरात नव्हे. रिक्षाचं भाडं सांगावं तसं.

नस्ती काढून शेवटच्या पानापासून वाचत मागे गेलो. अर्ज एप्रिल 2024 चा. त्यावर पहिलं त्रुटीपत्र : शवविच्छेदन अहवालाची साक्षांकित प्रत नाही. ती आल्यावर दुसरं : मयताच्या नावात तफावत. तिसरं : पोलीस तपासाचा अंतिम अहवाल, म्हणजे अ समरी, कोर्टानं मंजूर केल्याचा कागद जोडावा. चौथं : पासबुकावरचा आयएफएससी जुना दिसतो, नवीन द्यावा. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक झाली. 7 मेला इथलं मतदान, महिनाभर सगळी कचेरी त्यातच. मग लाडकी बहीण, मग नोव्हेंबरात विधानसभा. प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक आहे, तारीख आहे, सही आहे. एकाही पत्रावर बोट ठेवून हे चुकीचं म्हणता येत नाही. आणि तरी बाई चौदा महिने हेलपाटे घालत होती. चारही त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहिता आल्या असत्या. चार वेळा वाचण्याऐवजी एकदाच नीट वाचायचं होतं. मला राग आला तो या गोष्टीचा, आणि अजूनही येतो.

योजना काय सांगते ते इथं लिहितो, कारण आमच्याच माणसांना ते पाठ नसतं. गाडीचा पत्ता लागला नाही तर दावा लावायला विमा कंपनी नसते, मालक नसतो, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली सरकारची योजना आहे. 1989 च्या जुन्या योजनेत मृत्यूला 25,000 रुपये मिळायचे. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, ते दावा चौकशी अधिकारी. त्यांनी एका महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची, आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं, म्हणजे विमा कंपन्यांच्या परिषदेनं, पुढच्या पंधरा दिवसांत पैसे थेट खात्यात भरायचे. सगळे मिळून दोन महिने.

आणि सर्वोच्च न्यायालयानं 12 जानेवारी 2024 ला आदेशच दिला आहे की महिनाभरात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मयताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. हा आदेश आला तेव्हा या बाईच्या नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिला लेखी काहीच मिळालं नाही. तिला योजनेचं सांगितलं ते विडी कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं. त्या निकालपत्रातले आकडे मी कितीतरी दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. 2022 मध्ये देशभरात ठोकरून पळून जाण्याचे 67,387 अपघात झाले, आणि 2022-23 या वर्षात भरपाईचे अर्ज आले 205. निकाली निघाले 95.

म्हणजे माझ्यासमोर बसलेली बाई त्या मूठभरांतली होती. इथपर्यंत पोहोचलेली.

त्या दिवशी मी ठरवलं की बाकी सगळं बाजूला ठेवायचं. साडेदहा वाजले होते.

अ समरीचा मुद्दा आधी घेतला. पोलीस ठाण्याच्या हवालदारांना फोन लावला. त्यांनी तासाभरात पत्र पाठवलं की तपास करूनही वाहन निष्पन्न झालेलं नाही. महिनाभरात गाडी सापडली नाही तर भरपाईचा मार्ग दाखवा असं न्यायालय म्हणत असताना, समरी मंजूर होईपर्यंत वाट पाहायला लावण्याला काही अर्थ नाही, अशी टिपणी मी लिहिली. नायब तहसीलदारांनी ती दोनदा वाचली, “साहेब सही करतील का?” असं विचारलं आणि मग सही केली.

नावाची भानगड जास्त वेळ खाणारी. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या माणसाला हे पटकन समजत नाही. आमच्याकडे एकच माणूस घरात यल्लप्पा असतो, रेशनकार्डावर यल्लाप्पा, आधारवर येल्लप्पा, आणि दवाखान्यात रात्री अडीचला ज्यानं नोंद केली त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते. तेलुगू, कन्नड नावं मराठीत लिहिणारा प्रत्येक कारकून आपल्या कानानं लिहितो. या नस्तीतही तसाच एका अक्षराचा फरक होता. पत्ता तोच, वय तेच, बापाचं नाव तेच. दोन शेजाऱ्यांना बोलावून जबाब घेतले, बाईचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, विषय संपला. बँकेचा नवा कोड तर तिच्या शाखेत फोन केल्यावर तीन मिनिटांत मिळाला.

राहिली सासू. मयताची आई हयात, म्हणजे तीही वारस. रक्कम सुनेच्या खात्यात जमा करायला तिची संमती हवी, हे आधीच्या चारही पत्रांत नव्हतं. मी बोललो नसतो तर पाचवं पत्र हेच गेलं असतं. शेजारच्या पोरानं चारच्या सुमाराला म्हातारीला रिक्षातून आणलं. ती तेलुगूतूनच बोलत होती. सून मराठी करून सांगत होती.

सही येत नव्हती, म्हणून अंगठा. मामांनी शाईचं पॅड पुढं केलं. म्हातारीनं अंगठा दाबला, कागदावर ठेवला, उचलला. कागदावर नुसता निळा डाग. रेघ नाही. पुन्हा पुसून, पुन्हा दाबून. पुन्हा डाग. तिचा हात मी हातात घेऊन पाहिला. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी गुळगुळीत, चकाकती, तंबाखूनं पिवळी पडलेली. दहा-बारा वर्षांची असल्यापासून विड्या वळते, सून म्हणाली. पान गुंडाळता गुंडाळता अंगठ्यावरच्या रेघा निघून गेल्या होत्या.

“आधारला पण असंच करतंय मशीन,” सून म्हणाली. “घेतच नाही.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मामांनी ओल्या फडक्यानं अंगठा स्वच्छ पुसला, शाई अगदी विरळ लावली, आणि स्वतःच्या दोन बोटांनी तिचा अंगठा हळू दाबून धरला. करंगळीच्या बाजूला चार-दोन रेघा उमटल्या. मी खाली लिहिलं, “डाव्या हाताचा अंगठा, माझे समक्ष,” आणि सही केली. माझ्या आयुष्यात घातलेल्या सह्यांपैकी ही एक मला चांगली आठवते.

पावणेसहाला साहेबांची सही झाली. टपालात टाकलं असतं तर आवक-जावकमध्ये आणखी आठवडा गेला असता, म्हणून हस्तबटवड्यानं पाठवायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नस्ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो, पोच घेऊन आलो.

त्या संध्याकाळी निघताना सून म्हणाली, “मग पुढच्या सोमवारी येऊ?”

“नाही अक्का, यायचं नाही आता. मी फोन करीन.”

तिनं मान हलवली. पिशवीत कागद भरताना लॅमिनेट केलेली फिर्याद सगळ्यात वर ठेवली. ती आता कुठल्याच कामाची नव्हती. मी काही म्हटलं नाही.

पुढच्या सोमवारी ती बाकावर होतीच. माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा? आमच्या खुर्चीवरून तिला चौदा महिने शब्दच मिळाले होते. तिला पोचपावतीची झेरॉक्स दिली, त्यावर तारीख दाखवली, मामांनी चहा आणून दिला. त्यानंतरच्या सोमवारी आली नाही. ऑगस्टच्या शेवटी दोन लाख तिच्या खात्यात जमा झाले. पासबुक घेऊन ती दाखवायला आली तेव्हा मी रजेवर होतो, मामांनी सांगितलं.

चार नस्त्या राहिल्या होत्या. तिघांशी फोनवर बोलणं झालं. त्रुटी एकत्र करून सांगितल्या आणि एकाच दिवशी बोलावलं. चौथी एका हमालाची, पायाचं हाड मोडलेलं, 50 हजारांचा दावा, अर्ज 2023 चा. दिलेला नंबर लावला तर सेवेत नाही. पत्ता शेळगीतला, घर नंबर नाही, नुसतं ‘मारुती मंदिराच्या मागे’ एवढंच. सव्वासहाला कचेरी सुटल्यावर मी स्कूटर तिकडं घेतली.