प्रश्नार्थक वाक्यापाशी अडलेले इंग्रजी : माझा अनुभव

माझी मुलगी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते, हे तिच्या सहज अंगवळणी पडले. ती अडली ती प्रश्नार्थक वाक्यापाशी.

'रवी प्लेज क्रिकेट' याचा प्रश्न तिने 'डज रवी प्लेज क्रिकेट?' असा केला. शिकवणीच्या बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि योग्य वाक्य पुन्हा पुन्हा उतरवून आणायला सांगितले. 'प्लेज'मधला 'एस' का गेला, हे मात्र सांगितले नाही. तिने ते उतरवले आणि पुढच्याच पानावर 'डिड शी वेन्ट टू वाशी?' असे लिहिले. पुन्हा फुली. मी स्वतः जाऊन विचारले, तेव्हा 'नियमच आहे, पाठ करून घ्या' एवढेच उत्तर मिळाले. सातवीतल्या मुलांना कारण कळते आणि ते सांगायला फार वेळही लागत नाही, म्हणून त्या उत्तराचा राग मला अजूनही येतो.

मराठीत 'रवी क्रिकेट खेळतो' या वाक्याला 'का' जोडला की प्रश्न तयार होतो. बाकीचे वाक्य जागचे हलत नाही. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते. 'ही इज रीडिंग'मध्ये 'इज' आयतेच असते, 'ही प्लेज'मध्ये तसे काही दिसत नाही, आणि मुले नेमकी तिथेच गोंधळतात. म्हणून मी तिला मधली एक ओळ लिहायला लावली : 'रवी डज प्ले क्रिकेट'. एखादी गोष्ट ठासून सांगताना वापरले जाणारे हे शुद्ध इंग्रजी वाक्य आहे. 'प्ले'चा 'एस' 'डू'कडे गेल्याचे त्यात डोळ्यांनी दिसते. तिने 'डज'भोवती पेन्सिलीने गोल केला, रवीच्या आधीपर्यंत बाण काढला आणि प्रश्न बरोबर आला. तसेच 'शी वेन्ट'चे आधी 'शी डिड गो' करायचे. भूतकाळ 'डिड'ने घेतल्यामुळे 'गो' मूळ रूपात राहतो. नकारार्थी वाक्यासाठीही हीच ओळ उपयोगी पडते, कारण तिच्यात 'डज'नंतर फक्त 'नॉट' घालायचे असते.

खरे तर याआधीच करून घ्यायची एक गोष्ट म्हणजे उद्देश्य कुठे संपते ते ओळखणे. 'द बॉय इन द ब्लू शर्ट प्लेज क्रिकेट' या वाक्यात ज्या सगळ्या शब्दांच्या जागी एकटा 'ही' बसतो, ते सगळे मिळून उद्देश्य होते. 'डज' त्या सगळ्यांच्या आधी आणायचा. हे पक्के होईपर्यंत संयुक्त आणि मिश्र वाक्यांची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे पाठ्यपुस्तकात 'हू'ने सुरू होणारे प्रश्न आले, तेव्हा 'हू प्लेज क्रिकेट?' यात 'डज' का नाही, हे तिने मला न विचारताच सांगितले : इथे 'हू' हाच कर्ता असून तो आधीच वाक्याच्या सुरुवातीला आहे, त्यामुळे त्याच्या आधी काही आणायचे नाही आणि 'एस' क्रियापदालाच राहतो.