बदामाची डहाळी आणि अनाथोथचे शेत

नाशिकमधील शरणपूरच्या आमच्या शास्त्राभ्यास वर्गात ऑक्टोबरपासून बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक वाचायला घेतले आहे. पहिल्या अध्यायातील पाचारण, म्हणजे देवाने त्याला संदेष्टा होण्यासाठी बोलावणे, बहुतेकांना पाठ असते. यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ६२७ मध्ये, अनाथोथ गावातील याजकाच्या या मुलाला परमेश्वर सांगतो की आईच्या उदरात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो. आणि तो उत्तर देतो की मला बोलता येत नाही, मी केवळ बाळ आहे. मोशेनेही असेच अंग काढून घेतले होते.

त्यानंतर परमेश्वर त्याला विचारतो, तुला काय दिसते? त्याला बदामाची डहाळी दिसते. इब्री भाषेत बदामाला शाकेद आणि जागत राहणाऱ्याला शोकेद म्हणतात. आपले वचन पूर्ण करण्यासाठी मी जागा आहे, असे परमेश्वर त्या शब्दावरून सांगतो. मराठीत हा दुवा हरवतो, असे मी वर्गात म्हणालो, तेव्हा दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका म्हणाले, "हरवत कसा? छाटणीनंतर काडीवर जे फुगतात, त्यांना आम्ही डोळेच म्हणतो की." पुढच्या रविवारी ते खिशातून एक काडी घेऊन आले. पेन्सिलीएवढी जाड, साल सुटत आलेली, एकही पान नाही, आणि पेऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगलेला डोळा. ती काडी आम्ही हातोहात फिरवली.

मला मात्र पाचारणाहून बत्तिसावा अध्याय अधिक जवळचा वाटतो, आणि आपण पहिला अध्याय वारंवार वाचून हा सोडून देतो याचे वाईट वाटते. मध्ये चाळीस वर्षे गेली आहेत. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि नगर शत्रूच्या हाती जाणार हे तोच सांगत आला आहे. अशा वेळी परमेश्वर त्याला कळवतो की चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणेल. हनामेल खरोखर येतो, आणि यिर्मया लिहितो की तेव्हा मला कळले, हे परमेश्वराचे वचन आहे. चाळीस वर्षे संदेश देणाऱ्या संदेष्ट्यालाही ती खातरी भाऊ दारात उभा राहिल्यावर आली, हे वाचून मला फार धीर येतो.

मग तो सतरा शेकेल चांदी तोलून देतो, म्हणजे आमच्या सराफ बाजाराच्या काट्यावर जेमतेम दोनशे ग्रॅम. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी ठेवली जाते, आणि दोन्ही यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले जाते, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. आमच्या घरीही वडिलांनी घेतलेल्या छोट्या प्लॉटचे खरेदीखत पत्र्याच्या पेटीत आहे. स्टॅम्प पेपर पिवळा पडला आहे, पण वडिलांची वळणदार सही आणि तिच्याखालची दोन टिंबे अजून स्पष्ट दिसतात. त्या वेळी तिकडे ना रस्ता होता ना पाणी.

या अध्यायातील घटनांचा क्रम नीट पाहावा. यिर्मया आधी पैसे मोजतो, कागद बारूखाकडे सोपवतो, आणि त्यानंतरच प्रार्थनेत विचारतो की प्रभू, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात असताना तू मला शेत घे कसे म्हणालास? त्याची शंका खरी आहे आणि ती तो लपवत नाही, परंतु आज्ञा पाळण्याआधी तिचे उत्तर मिळालेच पाहिजे असा हट्टही धरत नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात न पाहिलेल्या गोष्टींबद्दलच्या खातरीला विश्वास म्हटले आहे. ते वचन मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलो, पण त्याचा अर्थ मला या खरेदीखताने उलगडला.

यिर्मयाला ते शेत कसायला मिळाले नाही. नगर पडले, आणि पुढे त्याच्याच लोकांनी त्याला मिसर (इजिप्त) देशात नेले. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी बायबलमधील एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे; नावे आणि आकडेच असल्याने ती वाचताना आपण पाने उलटतो. तिच्या तेविसाव्या ओळीत लिहिले आहे: अनाथोथचे लोक, १२८.