नाणेघाट ते खोडद : घरी शिकणाऱ्या मुलांची अभ्याससहल

होमस्कूलिंग करणाऱ्या पुण्यातील काही कुटुंबांनी मिळून दिवाळीनंतर जुन्नर तालुक्यात अभ्याससहल काढली. पहिलीच्या वयापासून दहावीच्या वयापर्यंतची मुले एकत्र असल्यामुळे कोणत्याही एका इयत्तेच्या धड्यावरून ठिकाणे ठरवणे शक्य नव्हते. म्हणून ‘माणूस मोजतो कसा?’ हा एकच प्रश्न घेतला आणि त्याच्याशी नाते सांगणारी ठिकाणे तेवढी ठेवली. शिवनेरी त्यामुळे वगळावी लागली. काही पालकांना हे रुचले नाही, परंतु त्या किल्ल्याला स्वतंत्र सहल द्यावी, घाईघाईने उरकू नये, असे माझे मत आहे.

आखणीची सुरुवात मात्र खोडदपासून करावी. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या या गावी असलेली जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण पाहण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. ती तारीख हाती आल्यावरच मुक्काम आणि गाडी ठरवावी. अनेक संस्था भेटीच्या अर्जासोबत शाळेच्या लेटरहेडवरील पत्र मागतात आणि आपल्याकडे ते नसते. अशा वेळी गटातील एका पालकाच्या सहीने मुलांची नावे, वये, सोबतच्या मोठ्यांची ओळखपत्रे आणि भेटीचा हेतू एका पानात लिहून पाठवावा, व शाळा नसल्याचे पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगावे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तेथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते, परंतु त्या गर्दीत लहान मुलांना मनासारखे प्रश्न विचारता येत नाहीत.

सहलीतील सर्वांत समृद्ध वेळ नाणेघाटात गेला. कोकणातील बंदरांकडून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरून थोडे खाली उतरले की कातळात खोदलेले लेणे लागते आणि त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख दिसतो. यज्ञांमध्ये दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आहे, म्हणजे मुलांच्या दृष्टीने ती एक भलीमोठी हिशेबवहीच. या अंकपद्धतीत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही, म्हणजे अंकाच्या जागेवरून ठरणारी किंमतही, नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत. आम्ही ब्राह्मी अंकांचा तक्ता आधीच छापून दिला होता व प्रत्येकाने घरी आपले वय त्या अंकांत लिहून पाहिले होते. त्यामुळे भिंतीवर अंक शोधताना लहानांनीही मोठ्यांच्या बरोबरीने भाग घेतला. अक्षरे झिजलेली आहेत. विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकल्यास ती उठून दिसतात. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरे स्पष्ट करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. मागच्या भिंतीवरील राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती नष्ट झाल्या असून पायांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. हे शिलालेखातले विधान नव्हे, एवढा फरक मोठ्या मुलांना जरूर दाखवावा. कडा जवळ असल्याने प्रत्येक लहान मुलाची जबाबदारी एका ठरावीक मोठ्या माणसाकडे द्यावी. पावसाळ्यातील शनिवार-रविवार पूर्णपणे टाळावेत. मधल्या वारी जाता येणे ही आपल्यासारख्यांची खरी सोय आहे.

लेण्याद्री वाटेत पाहून घेतले. गिरिजात्मजाचे देऊळ हे मुळात बौद्ध विहार आहे, हे शेजारचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, पाहिल्यावर मुलांना न सांगताही उमगते. पायऱ्यांवर माकडे फार, तेव्हा खाऊ हातात ठेवू नये.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे. ‘भोकांतून लहरी निसटत नाहीत का?’ हा प्रश्न मुले विचारतातच. लहरींची लांबी भोकांपेक्षा बरीच मोठी असल्याने त्यांना जाळी भरीव पृष्ठभागासारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. दोन-दोन अँटेनांचे संकेत एकत्र जुळवले जातात, तेव्हा ३० अँटेनांच्या जोड्या किती होतील, हे गणित मोठ्या मुलांना तेथेच सोडवायला द्यावे. उत्तर ४३५ येते. लहानांना पाच-सहा मुलांमध्ये हस्तांदोलने मोजायला लावली की तीच रीत कळते.

आवारात मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण त्यांच्या लहरी आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण संकेतांत मिसळतात. म्हणून परवानगीचे पत्र, चालकाचा क्रमांक आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि किमान एका मोठ्या माणसाच्या हातात साधे काट्याचे घड्याळ असावे.