तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच मशीनवर तीन सिस्टिम कशाला?

माझ्याकडे पुस्तकाचं मॅटर घेऊन येणारे लोक मशीन सुरू होताना स्क्रीनवर येणारी यादी बघतात आणि विचारतात, “ताई, एकाच कॉम्प्युटरवर इतक्या सिस्टिम? एक काय ती चांगली ठेवा ना!” मी हसून विषय बदलते, कारण खरं उत्तर जरा लांबलचक आहे. आज देऊनच टाकते.

मी अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते. सिस्टिम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम. रोजचं काम लिनक्स या मोफत सिस्टिमवर, शेजारी विंडोज 11, आणि लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरवर, विंडोज एक्सपी. एक्सपीचं नाव ऐकलं की लोकांना गंमत वाटते. 2001 साली आलेली सिस्टिम, 2014 च्या एप्रिलमध्ये तिचा सपोर्टही संपला. पण माझ्याकडे तिच्याइतका पक्का दुसरा कुणाचाच मुक्काम नाही.

कारण आहे पेजमेकर, पुस्तकाची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची 7.0 आवृत्तीसुद्धा 2001 चीच. तिच्यावर आपल्याकडे किती पुस्तकं, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका निघाल्या याला गणती नाही. पण युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला जागतिक कोड, पेजमेकरला कळत नाही. त्यामुळे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवला जायचा, म्हणजे आत कोड भलत्याच चिन्हांचे आणि त्यांवर चढवलेले देवनागरीचे तुकडे. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा म वेगळा. फॉन्ट काढला की पानभर मराठीची अगम्य कचकच उरते. आणि क्रम तर डोळ्यांना दिसतो तसा. ‘कि’मधली पहिली वेलांटी आधी साठवलेली, क नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. रफाराचंही तेच: इथे तो अक्षराच्या मागून येतो, युनिकोडमध्ये तो र् म्हणून पुढे उभा.

“मग कन्व्हर्टर वापरा की,” असं म्हणणारे भेटतात. वापरते. साधा मजकूर छान उतरतो. पण रफार आणि वेलांटी एकाच जोडाक्षरावर आली, किंवा मध्येच ‘ऱ्या’ आला, की कुठे तरी घोटाळा होतो, आणि तो नेमका कुठे झालाय हे शोधायला सगळं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. प्रकाशकाला तर दुसऱ्या आवृत्तीत दोन पानांवरच्या चार चुका दुरुस्त करून हव्या असतात, तेही पुढच्या आठवड्यात. अशा वेळी जुनी फाइल जुन्याच पेजमेकरमध्ये उघडायची, चार शब्द बदलायचे, पीडीएफ काढायची. ओळी हलत नाहीत, पानं सरकत नाहीत, अनुक्रमणिकेला हात लावावा लागत नाही. हे समाधान ज्यानं प्रूफं वाचली आहेत त्यालाच कळेल.

एक्सपी थेट आजच्या मशीनवर टाकायची सोय नाही. नव्या मशीनचं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारी यंत्रणा, तिला झेपत नाही आणि नव्या सामानाचे ड्रायव्हरही तिच्यासाठी कुणी लिहीत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये मात्र एक जीबी रॅम दिली तरी ती खुशीत असते. इंटरनेट पूर्ण तोडलेलं, फाइलींची देवघेव एका फोल्डरमधून. कामाआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेऊन ठेवते. काही बिघडलं तर मागे जायला मिनिटही लागत नाही.

विंडोज 11 दोन कामांसाठी. एक, इनडिझाइन हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर, कारण बरेच प्रकाशक त्यातच फाइल मागतात आणि ते लिनक्सवर येत नाही. दुसरं, डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं मशीनला लावायचं. ई-निविदा भरताना ते लागतं. लिनक्सवरही चालवता येतं असं सांगणारे आहेत, पण मुदत दुपारी तीनला संपत असताना मला तो प्रयोग करायचा नाही.

बाकी सगळं लिनक्सवर. लिहायला लिब्रेऑफिस आहे, चित्रांना इंकस्केप आहे, 1.6 आवृत्तीपासून पानमांडणीच्या स्क्रायबसमध्येही देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात, मुक्तासारखे चांगले मुक्त-परवाना फॉन्ट आहेत. मराठी टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे असल्यामुळे बोटांना काही नवं शिकवावं लागत नाही.

आता त्रासाचं सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. घर एक, चुली दोन, पण नळ सामाईक; भांडणं होतात ती नळावर. पहिलं भांडण घड्याळाचं. मशीनच्या बोर्डावर एक छोटं घड्याळ असतं. विंडोज डॉसच्या काळापासून त्यात स्थानिक वेळ लिहीत आली आहे. लिनक्स सहसा जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. त्यामुळे सकाळी 11 वाजता लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात, तर ती म्हणते पहाटेचे 5:30. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत तयार झालेल्या प्रत्येक फाइलीवर तीच वेळ पडते, आणि कुठली प्रत ताजी याचा बट्ट्याबोळ. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात हा घोळ कळणारसुद्धा नाही! उपाय एका ओळीचा आहे: लिनक्सला सांगायचं, बाबा, बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेवरच ठेव. जाणकार लोक विंडोजला जागतिक वेळेवर आणतात, तेच जास्त योग्य आहे. पण त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगांमध्ये, शिरावं लागतं आणि ते मी कुणालाही सुचवत नाही.

दुसरं भांडण फास्ट स्टार्टअपचं. विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते, म्हणजे उद्या लवकर उठता येतं. गंमत म्हणजे ‘रिस्टार्ट’ केलं की ती खरंच पूर्ण बंद होऊन सुरू होते. अर्धवट झोपलेल्या विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा भाग, लिनक्सला दिसतं, पण त्यावर लिहिता येत नाही. सेटिंग बंद केली की प्रश्न मिटतो.

खरी भीती तिसऱ्याची. नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊनच येते, आणि मालकाला पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या पद्धतीत काही बदललं की निळा पडदा येतो आणि 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असू शकते, पण ते खातं दुकानदारानं त्याच्याच ई-मेलवर काढलेलं असलं तर? म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह लावण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवा.

शिवाय एकीच्या अपडेटनं दुसरीचा दरवाजा बंद होऊ शकतो. 2024 च्या ऑगस्टमधल्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट, म्हणजे दोन सिस्टिमच्या, मशीनवर लिनक्स सुरूच होईना. दोन सिस्टिम दोन वेगळ्या एसएसडींवर ठेवा, असं मी सांगते. त्यानं ही अडचण टळेलच असं नाही, पण एकीचं पुन्हा इन्स्टॉल करताना दुसरीला धक्का लागत नाही.

तुम्हाला नुसतं लिनक्स बघायचं असेल, तर यातलं काही करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, तुमचा प्रिंटर चालतो का, वायफाय लागतं का, मराठी टाइप होतं का ते बघा, आणि पेनड्राइव्ह काढून घ्या. डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, तुम्ही स्वतः ‘इन्स्टॉल’ दाबत नाही तोवर. आणि जुन्या लॅपटॉपवर विंडोज 10 असेल (तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला) आणि मशीन 11 घेत नसेल, तर डेटाची प्रत बाहेर काढा आणि सरळ एकटं लिनक्सच टाका. ज्याच्याकडे टोकन नाही, इनडिझाइन नाही आणि पेजमेकरची एकही फाइल नाही, त्यानं माझ्यासारखा तीन चुलींचा संसार मांडायचं काहीच कारण नाही.