आधी बंध, मग नाव: रासायनिक नामकरण शिकतानाचा माझा अनुभव

शाळा सुटल्यानंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध जवळजवळ संपला होता. पुढे एका प्रयोगशाळेतील रसायनसाठ्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या बाटलीवर ‘फेरस सल्फेट’, नव्या बाटलीवर ‘आयर्न(टू) सल्फेट’ आणि एका जुन्या वहीत ‘हिराकस’ अशी नोंद असली तरी तिन्ही ठिकाणी पदार्थ एकच आहे, आणि शेजारच्या बाटलीतले फेरिक सल्फेट मात्र नाव इतके जवळचे असूनही निराळे आहे, हे मला तेव्हा कळले. यादी पाठ करून काम रेटता आले असते, पण यादीत नसलेली बाटली समोर आली की पुन्हा कोणाला तरी विचारणे आले. म्हणून नामकरण मुळापासून शिकायचे ठरवले. नियमांची पुस्तके सुरुवातीला बाजूला ठेवून प्रत्येक संयुगाबद्दल ‘यातले अणू एकमेकांशी कशाने बांधलेले आहेत?’ हा प्रश्न आधी विचारू लागले, तेव्हाच हा अभ्यास खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

या प्रश्नाचा उपयोग पहिल्याच उदाहरणात दिसला. कॅल्शियम क्लोराइडमध्ये एका कॅल्शियममागे दोन क्लोरीन असतात, तरीही नावात ‘डाय’ येत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र तो हटकून येतो. कॅल्शियम क्लोराइड हे आयनिक संयुग आहे, म्हणजे ते आयनांचे, प्रभार असलेल्या अणूंचे, बनलेले आहे. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार आणि क्लोराइडवर एक ऋण प्रभार हे ठरलेले असल्यामुळे, एकूण प्रभार शून्य व्हायचा तर प्रमाण एकास दोन असण्यावाचून गत्यंतरच नाही, आणि जे आपोआप ठरते ते नावात सांगण्याची गरज उरत नाही. सहसंयुज संयुगांना, म्हणजे ज्यांत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात त्यांना, हे बंधन लागू होत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांपासून नायट्रस ऑक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि डायनायट्रोजन पेंटॉक्साइड अशी संयुगे होतात. त्यामुळे तेथे मोजणी नावातच करावी लागते. याच ओघात आणखी एक गोष्ट उलगडली. मिठाच्या स्फटिकात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू नसतोच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी ती अखंड मांडणी असते, आणि सूत्र फक्त प्रमाण सांगते. पाण्याचे सूत्र मात्र खरोखरच एका रेणूचे असते.

एकापेक्षा अधिक संयुजा दाखवणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या आयनांवर निरनिराळे प्रभार असू शकतात अशा, धातूंसाठी जुनी पद्धत ‘-अस’ आणि ‘-इक’ हे प्रत्यय वापरते. या प्रत्ययांतून कमी प्रभार कोणता आणि जास्त कोणता एवढेच कळते, प्रत्यक्ष आकडा कळत नाही. लोहाच्या बाबतीत फेरस म्हणजे दोन आणि फेरिक म्हणजे तीन, पण तांब्याच्या बाबतीत क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये सुचवलेली, प्रभार कंसात रोमन अंकाने लिहिण्याची पद्धत मला त्यामुळेच अधिक प्रामाणिक वाटते. मॅग्नेटाइटसारख्या खनिजात तीन लोह अणूंमागे चार ऑक्सिजन असतात. सरासरी काढली तर प्रत्येक लोहावर अडीचपेक्षा थोडा जास्त, म्हणजे अपूर्णांकातला प्रभार येतो. श्टॉकच्या पद्धतीत त्याला सरळ आयर्न(टू, थ्री) ऑक्साइड म्हणता येते, कारण त्यात दोन्ही प्रकारचे आयन एकत्र नांदत असतात.

बहुअणू आयनांपुढे, म्हणजे अनेक अणू मिळून बनलेल्या आयनांपुढे, मात्र तर्क फार काळ टिकला नाही. नायट्रेटमध्ये तीन ऑक्सिजन आणि नायट्राइटमध्ये दोन, सल्फेटमध्ये चार आणि सल्फाइटमध्ये तीन, म्हणजे ‘-एट’पेक्षा ‘-आइट’मध्ये एक ऑक्सिजन कमी, प्रभार मात्र तोच, इथपर्यंत सूत्र सापडते. पण मुळात ‘-एट’मध्ये ऑक्सिजन किती, हे नाव सांगत नाही. आवर्तसारणीच्या दुसऱ्या ओळीतील कार्बन आणि नायट्रोजन तीन ऑक्सिजन घेतात, तर तिसऱ्या ओळीतील फॉस्फरस आणि गंधक चार घेतात, असा एक आधार मी धरला होता. क्लोरेटने तो मोडला, कारण त्यात तीनच ऑक्सिजन असतात आणि चार ऑक्सिजनच्या आयनाला परक्लोरेट म्हणतात. हे घोकावेच लागते, आणि ते आधी घोकून मोकळे व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर या आयनांची गरज पडते, आणि तेथे अडखळत राहिले की खरा विषय मागे पडतो.

बंध आयनिक आहे की सहसंयुज, हे ठरवण्यासाठी प्रास्ताविक पुस्तके विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या ताकदीतील, फरक वापरायला सांगतात. लायनस पॉलिंगने १९३२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीवर आज सोडियमची विद्युतऋणता ०.९३ आणि क्लोरीनची ३.१६ धरतात. फरक २.२३ येतो, म्हणून बंध आयनिक. १.७ ही सीमारेषा सर्रास सांगितली जाते. पण हायड्रोजन आणि फ्लुओरीन यांच्यातील फरक १.७८ असूनही हायड्रोजन फ्लोराइड हा सुट्या रेणूंचा पदार्थ आहे. ॲल्युमिनियम क्लोराइडचे नाव आयनिक संयुगाच्या धाटणीचे आहे, पण सोडियम क्लोराइड ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, तर ॲल्युमिनियम क्लोराइड साध्या दाबाखाली १८० अंशांच्या आसपासच संप्लवन पावते, म्हणजे न वितळता थेट वाफ होते, आणि त्याच्या वाफेत दोन ॲल्युमिनियम व सहा क्लोरीन असलेले रेणू सापडतात. म्हणून या आकड्याला मी सीमेवरचा दगड मानत नाही. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा उतार दाखवतो. नाव देण्याची सोय आणि बंधाचे वास्तव या दोन गोष्टी बहुतेक वेळा जुळतात, पण नेहमी नाही.

यानंतर मी इलेक्ट्रॉन-ठिपका संरचनांकडे, म्हणजे अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आकृत्यांकडे, वळले. इलेक्ट्रॉनांची जोडी दोन अणूंनी वाटून घेणे म्हणजे बंध, ही कल्पना गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये मांडली. तिचा सराव करताना मला सर्वांत जास्त शिकवले ते नायट्रेट आयनाने. बाहेरच्या कवचातले नायट्रोजनचे पाच, तीन ऑक्सिजनचे मिळून अठरा आणि ऋण प्रभाराचा एक, असे चोवीस इलेक्ट्रॉन, म्हणजे बारा जोड्या होतात. नायट्रोजन मध्यभागी ठेवून तीन एकेरी बंध काढले की तीन जोड्या खर्ची पडतात. उरलेल्या नऊ जोड्या प्रत्येक ऑक्सिजनला तीन याप्रमाणे वाटल्या की ऑक्सिजनांची अष्टके, म्हणजे प्रत्येकाभोवतीचे आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतात, पण नायट्रोजनकडे सहाच इलेक्ट्रॉन राहतात. मग एका ऑक्सिजनची एकाकी (बंधात न गुंतलेली) जोडी आत ओढून दुहेरी बंध करायचा. प्रश्न असा उरतो की तो कोणत्या ऑक्सिजनने करायचा. कागदावर तीन सारख्याच योग्य आकृत्या निघतात. प्रत्यक्ष मोजमापात तिन्ही बंधांची लांबी समान भरते, आणि ती एकेरी व दुहेरी बंधांच्या लांबींच्या मधली असते. म्हणजे आयन या तीन आकृत्यांमध्ये आलटून पालटून उड्या मारत नसतो. तो एकच असतो, आणि त्याचे वर्णन करायला एक आकृती पुरत नाही. ऑगस्ट केकुलेने १८६५ मध्ये सुचवलेल्या बेंझिनच्या वलयातही हाच प्रकार आहे. त्यातले सहाही कार्बन-कार्बन बंध सुमारे १३९ पिकोमीटरचे आहेत, तर एकेरी बंध साधारण १५४ आणि दुहेरी १३४ पिकोमीटरचा असतो.

ठिपक्यांवरून आकार काढता येतो, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत समाधान देणारे ज्ञान वाटते. रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये सुसूत्र केलेला नियम साधा आहे: मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटतात आणि एकाकी जोडी जरा जास्त जागा व्यापते. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिन्हींत मध्यवर्ती अणूभोवती चारच जोड्या असतात. पण एकाकी जोड्या शून्य, एक आणि दोन अशा वाढत गेल्याने बंधकोन १०९.५ अंशांवरून सुमारे १०७ आणि मग १०४.५ अंशांवर येतो. कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांची नावे एकाच साच्यातली आहेत, पण गंधकावर एक एकाकी जोडी असल्यामुळे दुसरा रेणू वाकलेला, बंधकोन सुमारे ११९ अंश, आणि म्हणून ध्रुवीय (एका बाजूला किंचित धन, दुसऱ्या बाजूला किंचित ऋण) आहे. पहिला सरळ रेषेत असल्याने त्याचे दोन ध्रुवीय बंध परस्परांना रद्द करतात. हा फरक नावात कोठेही नाही, तो ठिपके मांडल्याशिवाय दिसत नाही.

कागदाची मर्यादा कळण्यासाठी मी मळलेली माती आणि काड्या घेऊन डायक्लोरोमिथेनचा रेणू तयार केला. कागदावर दोन क्लोरीन शेजारी काढता येतात किंवा समोरासमोर, आणि ती दोन निराळी संयुगे वाटतात. चार काड्या चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळवून मातीच्या गोळ्यात खोचल्या आणि मॉडेल हातात फिरवले, तेव्हा कोणतेही दोन कोपरे शेजारचेच असतात, ‘समोर’ असा कोपराच नसतो, हे डोळ्यांसमोर आले. डायक्लोरोमिथेन एकाच प्रकारचे मिळते ते यामुळेच. याकोबस व्हान्ट हॉफ आणि जोझेफ ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे कार्बनचे बंध अवकाशात चार दिशांना असतात असे मांडले, तेव्हा रेणू पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. समघटक (एकाच सूत्राची निराळी संयुगे) किती मिळतात आणि किती मिळत नाहीत, या हिशेबावरून त्यांनी आकार ताडला होता.

इतकी तयारी झाल्यावर कार्बनी संयुगांची आययूपॅक (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीची नावे फारशी जड गेली नाहीत, कारण तेथे नाव म्हणजे संरचनेचेच वर्णन असते. पाच कार्बनांची शृंखला आहे, एका टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आणि चौथ्यावर मिथाइल गट आहे, असे समजा. क्रियात्मक गट, म्हणजे संयुगाचे रासायनिक वर्तन ठरवणारा अणुगट, अल्कोहोलचा असल्याने शेवटी ‘ऑल’ येतो. क्रमांक त्या गटाला लहानात लहान अंक मिळेल अशा टोकापासून द्यायचे, म्हणून तो दुसरा आणि मिथाइल चौथा, आणि नाव ४-मिथाइलपेंटेन-२-ऑल. उलट दिशेने मोजले तर हायड्रॉक्सिल चौथ्या स्थानी जातो, म्हणून ते नाव बाद होते. नाव पडताळण्याची माझी रीत म्हणजे ते वाचून आकृती पुन्हा काढणे. ‘२-इथाइलब्युटेन’ हे नाव ऐकायला निर्दोष वाटते, पण आकृती काढली की इथाइल गटातून जाणारी पाच कार्बनांची शृंखला समोर येते आणि संयुग ३-मिथाइलपेंटेन ठरते. सर्वांत लांब शृंखला आडव्या ओळीतच असेल असे नाही. ती वळणे घेऊनही जाते.

दुहेरी बंधाभोवती अणूंना मोकळेपणी फिरता येत नाही, त्यामुळे १,२-डायक्लोरोइथीनची दोन रूपे संभवतात. सिस रूपात दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला असतात, रेणू ध्रुवीय असतो आणि उत्कलनांक सुमारे ६० अंश सेल्सिअस भरतो. ट्रान्स रूपात ते विरुद्ध बाजूंना असतात, ध्रुवीयता रद्द होते आणि उत्कलनांक सुमारे ४८ अंशांवर येतो. एकाच रेणुसूत्राची ही दोन द्रव्ये नोंदवहीत एका ओळीत लिहिता येत नाहीत. पण एका कार्बनवर ब्रोमीन आणि क्लोरीन, तर दुसऱ्यावर फ्लुओरीन आणि हायड्रोजन असे चारही अणू वेगळे असतील, तर सिस आणि ट्रान्स हे शब्द अपुरे पडतात. अशा वेळी प्रत्येक कार्बनवरील ज्या अणूचा अणुक्रमांक मोठा त्याला प्राधान्य द्यायचे, म्हणजे येथे ब्रोमीन आणि फ्लुओरीन यांना. ते दोघे एका बाजूला असले तर ‘झेड’ आणि विरुद्ध बाजूंना असले तर ‘ई’ हे अक्षर नावाच्या आरंभी कंसात लिहायचे. सध्या मी याच नियमाचा सराव करते आहे. अणूंऐवजी लांबलचक गट जोडलेले असतात तेव्हा फरक पडेपर्यंत एकेक अणू पुढे सरकत तुलना करावी लागते, आणि तेथे अजून वेळ लागतो.